चढाला सायकल मरते आणि डिस्प्लेवर तीन काड्या? बीएमएस बदलायच्या आधी हे बघा

साताऱ्यात सायकलींना हब मोटर (चाकाच्या मध्यात बसणारी विजेची मोटर) बसवून द्यायचा माझा जोडधंदा आहे, सहा-सात वर्षं झाली. एवढ्या काळात एकच तक्रार इतक्या वेळा ऐकलीय की माणूस सायकल स्टँडला लावायच्या आधीच मला कळतं. "समर्थ मंदिरापर्यंत झकास आली, यवतेश्वरचा चढ लागला की खटकन बंद, आणि बॅटरी तर अर्धी दाखवतेय राव!" यातले बहुतेक जण माझ्याकडं यायच्या आधी बीएमएस (सेलांवर नजर ठेवून धोका दिसला की बॅटरी तोडणारं सर्किट) बदलून आलेले असतात, काही जण दोनदा. आग रामेश्वरी अन् बंब सोमेश्वरी. दोष बहुतेक वेळा एवढाच असतो की पॅकमध्ये, म्हणजे सेल जोडून केलेल्या बॅटरीत, सेल एका जातीचे आणि चार्जर, बीएमएस, कंट्रोलर (मोटरला वीज सोडणारा डबा), डिस्प्ले यातलं कुणीतरी एक दुसऱ्याच जातीचं. घरी बांधलेल्या पॅकमध्ये हे हमखास होतं, कारण सामान चार ठिकाणांहून येतं. सेल एकाकडून, किट ऑनलाइन, चार्जर मित्राचा जुना, बीएमएस बुधवार पेठेतून.

लक्षणं आधी. आपलं कुठलं ते बघून ठेवा, पुढं लागेल.

– चढाला मोटर बंद, थ्रॉटल सोडून परत पिळला की चालू, परत बंद. डिस्प्ले मात्र चालूच.
– चढाला मोटर आणि डिस्प्ले दोन्ही गुल. चावी बंद-चालू करून किंवा घरी जाऊन चार्जर लावला तरच जिवंत.
– डिस्प्लेवर कितीतरी किलोमीटर चार काड्या, मग पाच मिनिटांत शून्य.
– चार्जर अर्ध्या तासात हिरवा होतो, किंवा रात्रभर लावला तरी लालच.
– रेंज महिन्या-महिन्याला कमी होत चाललीय, सेल तर नवे होते.
– पॅक एकाच कोपऱ्यात गरम लागतो, फुगलाय, किंवा नेलपॉलिश रिमूव्हरसारखा गोडसर वास येतोय.

शेवटचं लक्षण असेल तर पुढचं काही करू नका, थेट खाली "कुठं थांबायचं" वाचा.

फुकटातली तपासणी: नक्की कोण मेलं?

पहिल्या दोन लक्षणांतला फरक लोक सांगतच नाहीत, "बंद पडते" एवढंच सांगतात. डिस्प्ले चालू आणि फक्त मोटर थांबली तर कंट्रोलरनं व्होल्टेज खाली गेलेलं बघून हात वर केलेत. डिस्प्लेसकट सगळं गेलं तर बीएमएसनं पॅक तोडलाय, म्हणजे करंट जास्त झाला किंवा एखादा ग्रुप (समांतर जोडून एकाच सेलसारखे चालणारे सेल) तळाला गेला. (ढिला कनेक्टरही असंच करतो, पण तो खड्ड्यातही करतो, चढच लागतो असं नाही.) हे एवढं चढावर उभं राहून नीट बघितलं तरी निम्मं काम झालं, आणि पैसा शून्य.

आणखी एक फुकटचं. ब्रेकच्या लिव्हरमध्ये मोटर तोडणारा स्विच असतो, तो पावसाळ्यात अडकतो. कंट्रोलरकडं येणारा त्याचा प्लग काढा, मोकळ्या जागेत एक चक्कर मारा. ब्रेक स्वतः चालूच राहतो, फक्त मोटर तोडणं थांबतं. एका पेपर टाकणाऱ्या मुलानं यापायी नवा कंट्रोलर घेतला होता, आणि लिव्हरमध्ये निघाला चिखल.

दुसरी फुकटची: लेबलं वाचा

घोडं इथंच पेंड खातं म्हणून जरा सविस्तर लिहितो.

दुकानात सगळंच "अठ्ठेचाळीस व्होल्ट" असतं, पण त्या नावाखाली निदान चार वेगळ्या वस्तू विकल्या जातात. एनएमसी, ही लिथियमची एक जात, म्हणजे लॅपटॉप-पॉवरबँकमध्ये असतात तसले १८६५० किंवा थोडे थोराड २१७०० (हे आकडे सेलच्या मापाचे), त्यांचा एक सेल ३.६-३.७ व्होल्टचा, फुल झाला की ४.२. असे १३ ओळीनं जोडले की आपला ४८ चा पॅक, फुल चार्ज ५४.६. एलएफपी, लिथियमचीच दुसरी जात, म्हणजे आपल्याकडं जाडजूड निळे ३२७०० मिळतात ते, त्यांचा सेल ३.२ चा आणि फुल ३.६५. ते १६ लावले की ५१.२ होतात आणि फुल ५८.४, पण काही जण १५ लावतात, मग बरोबर ४८ आणि फुल ५४.७५. चौथी जुनी लेड-अॅसिड, बारा व्होल्टच्या चार, तिचा चार्जर ५८-५९ च्या आसपास जातो.

आता तुमच्या चार्जरच्या पाठीवर आउटपुटपुढं काय छापलंय ते वाचा. इनपुट नाही, आउटपुट. आणि पॅकमध्ये किती ओळीत आहेत ते आठवा, आठवत नसेल तर बीएमएसला गेलेल्या बारीक वायरी मोजा. बहुतेक बीएमएसला ओळींपेक्षा एक वायर जास्त असते.

५८.४ चा चार्जर १३ एनएमसीवर लावला तर एका सेलच्या वाट्याला जवळजवळ ४.५ व्होल्ट येतात. मध्ये उभा फक्त बीएमएस, तो ज्या दिवशी झोपला त्या दिवशी घरात आग. हे सापडलं तर आत्ताच्या आत्ता चार्जर काढा आणि त्याच्यावर मार्करनं मोठं लिहून ठेवा की कुणाचा आहे. लेड-अॅसिडचा चार्जर लिथियमला लावणारेही बघितलेत, पिन बसते म्हणून. पिन तर कशालाही बसते.

उलटी चूक गोगलगायीसारखी असते, आणि ती मी स्वतः केलीय. माझा दुसरा पॅक १६ ओळीतला एलएफपी होता, १२ एएच (अँपिअर-तास, म्हणजे किती साठवतो ते), आणि चार्जर किटबरोबर आलेला, ५४.६ चा. पिन बसली, दिवा हिरवा झाला, मी खूश. हिशेब केला तर सेलला ३.४१ व्होल्ट. एवढ्यावर एलएफपी बऱ्यापैकी भरतोही, म्हणून चार महिने काही कळलं नाही. पण बीएमएसचं बॅलन्सिंग, म्हणजे सगळे ग्रुप एका पातळीला आणणं, साधारण साडेतीनच्या आसपास सुरू होतं, माझा पॅक तिथवर जातच नव्हता, आणि एक ग्रुप रोज थोडा थोडा मागं पडत गेला. पस्तीस किलोमीटरची रेंज पंचविसावर आली. अकरा नंबरचा ग्रुप सगळ्यांच्या आधी तळ गाठायचा आणि त्याच्यापायी बीएमएस अख्खा पॅक तोडायचा, बाकीच्या पंधरांत दम असताना. तो ग्रुप साडेतीन एएच मागं होता. साध्या बीएमएसचं बॅलन्सिंग ५० मिलिअँप धरा, म्हणजे योग्य चार्जर आणूनही सत्तर तास नुसतं लावून ठेवायला लागलं असतं. शेवटी एका सेलचा ३.६५ व्होल्टचा चार्जर आणून त्या ग्रुपला तेवढाच वेगळा भरला, समोर बसून. मग ५८.४ चा घेतला, आजतागायत त्रास नाही.

गंमत म्हणजे १५ ओळीतला एलएफपी आणि १३ ओळीतला एनएमसी यांचे चार्जर जवळजवळ सारखेच निघतात, ५४.७५ आणि ५४.६. त्यामुळं ज्यांनी १५ लावले त्यांचं नकळत जमून जातं आणि ते सगळ्यांना सांगत सुटतात की कुठलाही चार्जर चालतो. त्यांचं ऐकू नका.

मल्टिमीटर, तीन-चारशे रुपये

पॅक फुल करा, चार्जर काढून तासभर तसाच ठेवा, मग मोजा. १३ एनएमसी ५४ च्या वर पाहिजे. १६ एलएफपी मात्र ५८.४ वर थांबत नाही, तासाभरात ५४-५५ कडं उतरतो, ते नॉर्मल आहे, घाबरून परत चार्जिंगला लावू नका.

आता काड्यांचं. एनएमसीचा व्होल्टेज बॅटरी उतरेल तसा उतरत जातो म्हणून काड्या साधारण खरं बोलतात. एलएफपी मात्र ताकास तूर लागू देत नाही. ऐंशी टक्क्यांपासून तीस टक्क्यांपर्यंत सेल ३.३ आणि ३.२ च्या मध्येच घुटमळतो, आणि मग एकदम कड्यावरून उडी मारतो. किटबरोबर आलेला डिस्प्ले व्होल्टेज बघून काड्या दाखवतो, तोही बहुतेक एनएमसीच्या हिशेबानं. त्यामुळं एलएफपीवर "चार काड्या, मग अचानक शून्य" हा बिघाडच नाही, डिस्प्लेला ती भाषा येत नाही एवढंच. शंटवाला मीटर लावा, जो आत-बाहेर गेलेला करंट मोजतो. काड्यांवर चिकटपट्टी मारली तरी चालेल, मी मारलीय.

स्टँडवर चाक फिरवून व्होल्टेज मोजण्यात अर्थ नाही, कारण हवेतल्या चाकाला करंट लागतच नाही. चढावरच मोजायला पाहिजे. सगळ्यात खाली गेलेला आकडा लक्षात ठेवणारा छोटा वॉटमीटर मिळतो, तो पॅक आणि कंट्रोलरच्या मध्ये जोडा आणि चढून या. समजा १३ ओळी, प्रत्येकीत ४ सेल, जुन्या लॅपटॉपमधून काढलेले. सेल ३.५५ वर, म्हणजे पॅक ४६ ला, डिस्प्ले म्हणतो अर्धी आहे. कंट्रोलर चढाला १५ अँप ओढतो, एका सेलच्या वाट्याला पावणेचार. म्हाताऱ्या सेलचा आतला रेझिस्टन्स १२० मिलिओम असेल तर तिथंच ०.४५ व्होल्ट गळतो. उरले ३.१, गुणिले १३, ४०.३. ४८ च्या बऱ्याच कंट्रोलरांचा कट ४२ च्या आसपास असतो. मोटर बंद! थ्रॉटल सोडला, करंट थांबला, पॅक परत ४६ वर, काड्या परत उभ्या. भूतबित काही नाही, नुसता गुणाकार आहे. नवा चांगला सेल ३०-५० मिलिओमचा असतो, तो याच चढाला हसत जातो.

ग्रुप-ग्रुप मोजणं

इथून पुढं पॅक उघडायला लागतो. आधी हातातली अंगठी, कडं, घड्याळ काढा. ५० व्होल्टचा झटका सहसा माणूस मारत नाही पण शॉर्टमध्ये कडं लालभडक होतं. मल्टिमीटरच्या टोकांना अगदी टोक सोडून टेप गुंडाळा, कारण बॅलन्स कनेक्टरच्या (बीएमएसला गेलेल्या बारीक वायरींच्या) पिना चिकटून असतात आणि टोक घसरलं की ठिणगी.

एक-एक ग्रुप मोजून कागदावर लिहा. कधी मोजायचं हे महत्त्वाचं. एनएमसी कधीही मोजा, फरक दिसतो. एलएफपी मधल्या चार्जवर मोजला तर सगळे ३.२८, ३.२८, ३.२९ असे शहाण्या मुलांसारखे उभे असतात आणि तुम्हाला वाटतं पॅक ठणठणीत आहे. तो चार्जिंगच्या अगदी शेवटी मोजा, चार्जर लावलेला असतानाच, किंवा तळाला आल्यावर. शेवटी एक ग्रुप ३.६५ आणि बाकी ३.३८ दिसले तर बॅलन्स गेलाय. दर वेळी तोच ग्रुप वरही आधी जातो आणि खालीही आधी येतो, तर बॅलन्स नाही, त्या ग्रुपचे सेलच लहान झालेत, बदलायलाच लागतील.

एनएमसीचा एखादा ग्रुप दोन व्होल्टच्या खाली पडून राहिलेला सापडला तर तो परत भरू नका. इतकं खाली गेलं की आतलं तांबं विरघळतं आणि परत चार्ज करताना नको तिथं साचून आतून शॉर्ट करतं. "हळूहळू भरला तर उठतो" म्हणणारे आहेत. उठतो, खरंय, कधी कधी रात्री उठतो.

पट्ट्या आणि कनेक्टर

हे पटकन सांगतो. चढ चढून आल्यावर चावी बंद करून कनेक्टरला बाहेरून हात लावा. पिवळा एक्सटी६० तपकिरी पडला असेल तर सोल्डर कच्चा आहे. पॅकमधली सेल जोडणारी निकेल पट्टी खरंच निकेल आहे का बघा, स्वस्तातली पट्टी लोखंडावर निकेलचा मुलामा असते, रेझिस्टन्स कितीतरी जास्त, चढाला तापते. लोहचुंबकानं कळत नाही, निकेलही चिकटतं. उरलेला तुकडा कानशीनं खरवडून रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवा, सकाळी गंज दिसला तर लोखंड.

आता बघा बीएमएस

बीएमएस हा इतका शेवटी येतो. त्याच्यावर किती ओळी आणि कुठली जात ते छापलेलं असतं, स्मार्ट असेल तर ॲपमध्ये सेटिंग असतं आणि ते बरेचदा कुणी बघितलेलंच नसतं. एनएमसीचा बीएमएस एलएफपीवर लावला तर तो ४.२५ पर्यंत सेलला अडवतच नाही, म्हणजे असून नसल्यासारखा. एलएफपीचा एनएमसीवर लावला तर ३.७ च्या आसपासच चार्जिंग तोडतो, पॅक अर्धासुद्धा भरत नाही, आणि चार्जर अर्ध्या तासात हिरवा होण्याचं हे एक नेहमीचं कारण. शिवाय खालचा कट इतका खाली की एनएमसीची वाट लागते. बीएमएस बायपास करून चालवायचं मात्र डोक्यातसुद्धा आणू नका, "फक्त डिस्चार्जला बायपास" हेही नको.

सगळं बरोबर, तरी चढाला मरते

मग सेलची जातच तुमच्या कामाला चुकलीय. दोन गिऱ्हाइकं सांगतो.

एक दूधवाले काका. सायकलला दोन्ही बाजूंना कॅन, रोज पंचवीस किलोमीटर, दर दहा घरांना थांबा, आणि पेडल मारणार नाहीत हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. त्यांच्याकडं जुन्या १८६५० चा १३ ओळी ४ चा पॅक होता, सहा महिन्यांत बसला. त्यांना ३२७०० चा १६ ओळी २ चा करून दिला. सेलचं वजन अडीच किलोवरून साडेचारवर गेलं, "दोन लिटर दूध जास्त समजा" म्हटलं, हसले. पण मोठ्या सेलचा रेझिस्टन्स फारच कमी, १५ अँपला तो जेमतेम दबतो, आणि ४२ च्या कटला त्याचा सेल अजून २.६ वर असतो, म्हणजे कंट्रोलर मध्येच टांग मारत नाही. एलएफपी दोन हजार सायकलींच्या आसपास जातो (चार्जच्या सायकली हो, आपल्या नव्हे), एनएमसी साधारण पाचशे ते आठशे. गोठ्यात गवताशेजारी चार्ज होणाऱ्या पॅकला एलएफपीच बरा, तो तापला तरी एनएमसीसारखा आतून ऑक्सिजन सोडत नाही. पेटतच नाही असं कुणी सांगितलं तर ते खोटं, शॉर्ट झाला की तोही धूर ओकतो. एकच बघा, फुल ५८.४ होतात तर कंट्रोलरच्या मोठ्या कपॅसिटरवर ६३ व्होल्ट छापलेलं पाहिजे. ५० छापलेला ३६ वाला कंट्रोलर असेल तर या पॅकला जोडायचाच नाही.

दुसरा कॉलेजचा पोरगा, तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही, पॅक काढून वर न्यायला लागतो. त्याला एनएमसीच, पण नवे सेल, एकाच बॅचचे, आणि एका सेलला किती अँप चालतात ते डेटाशीटमध्ये बघून. लोक एएच बघून सेल घेतात, आणि जास्त एएचवाले बरेच सेल कमी करंटचे असतात. बाकी चढाला पेडल मार म्हटलं, तरुण आहेस.

लेड-अॅसिड फुकट मिळाली तर सपाटीला वापरा. १२ एएचच्या चार म्हणजे सोळा किलो, आणि तासाभरात रिकामी केली तर छापलेल्याच्या निम्मी-पाऊणच मिळते. सोडियमचे सेलही आता दिसायला लागलेत, पण त्यांचा व्होल्टेज ४ पासून पार दीडपर्यंत पसरतो आणि आपला कंट्रोलर मधेच कट मारतो, तेव्हा सध्या नको.

आणि हजार वॉटची मोटर लावून "पॅक का मरतो" विचारणाऱ्यांना, तिथं पॅकची चूक नाही. २५० वॉट आणि ताशी २५ किलोमीटरच्या वर गेलात की कायद्यानं ती सायकलही राहत नाही.

कुठं थांबायचं

पॅक फुगलाय, वास येतोय, चार्जर न लावता गरम लागतोय, पाण्यात बुडालाय, आपटलाय, किंवा चार्जिंग काढल्यावरही एखाद्या ग्रुपचा व्होल्टेज तासातासाला आपोआप खाली जातोय, तर तुमचं काम संपलं. उघडू नका, चार्ज करू नका, घरात ठेवू नका. बाहेर उघड्यावर, फरशीवर किंवा मातीवर, गाडी-गवत-भिंतीपासून लांब ठेवा आणि बॅटरी पॅक बांधणाऱ्या माणसाला बोलवा. सायकल दुकानदाराला नाही, त्याचा हा धंदा नव्हे. धूर यायला लागला तर पॅक उचलून बाहेर पळायचा हिरोपणा नको, माणसं बाहेर काढा, दार ओढून घ्या आणि १०१ ला फोन करा. तो धूर विषारी असतो.

स्पॉट वेल्डर नसेल तर सेल बदलायचं कामही स्वतः करू नका. सेलवर थेट सोल्डरिंग गन टेकवलेले पॅक माझ्याकडं येतात, आतलं सील भाजलेलं असतं, ते मी दुरुस्त करत नाही, परत पाठवतो.

माणसाकडं जाताना एका कागदावर एवढं लिहून न्या: किती ओळी, कुठली जात, चार्जरचं आउटपुट, बीएमएसवर काय छापलंय, फुलला आणि तळाला प्रत्येक ग्रुपचा आकडा, चढावर सगळ्यात खाली गेलेला आकडा, आणि मोटर एकटी मेली की डिस्प्लेही. एवढं समोर आलं तर पॅक न उघडताच बऱ्याचदा मी सांगू शकतो काय झालंय, आणि त्याचे पैसे पण घेत नाही, चहा पाजा.